नवे पॅड बसेपर्यंत

उत्रोलीच्या वळणावर म्हैस आडवी आली, आणि मोठ्या क्रुझर मोटारसायकलवरचा हेल्मेटवाला रत्नाच्या गॅरेजसमोरच्या पेंढ्यांच्या ढिगात जाऊन बसला. गाडीनं किंचाळायचं तेवढं किंचाळून घेतलं होतं; थांबली मात्र ती पेंढ्यांमुळं, ब्रेकमुळं नव्हे.

रत्ना हातातला पाना तसाच घेऊन धावली. हेल्मेट निघालं. केसांत भाताच्या काड्या, भुवईवर जुना व्रण… आणि तेच हसू, चूक झाल्यावर आधी येणारं.

"लागलं का?" दुसरं काही तिला सुचलंच नाही.

"मला न्हाई. म्हशीला विचार."

म्हैस केव्हाच पुढं गेली होती.

आत बाजेवर रत्नाचे वडील, हनुमंततात्या, गुडघे चोळत बसले होते. गॅरेज त्यांचंच, गुडघे गेल्यापासून रत्ना चालवत होती. "कोन हाय गं?"

"गोरख, तात्या. शेजारच्या शिंदेमामांचा भाचा."

"सकाळधरनं हितनं वर-खाली करतोय त्यो हाच व्हय?"

गोरख केसांतल्या काड्या फार मन लावून काढू लागला.

तो वेल्ह्याच्या डोंगरातला. शाळेसाठी इथं मामाकडं राहिला आणि रत्नाबरोबर रोज सायकलीनं भोरला गेला. सकाळचं धुकं, चिंचेच्या झाडाखाली टेकवलेल्या दोन सायकली, एकीच्या डब्यातलं दुसऱ्यानं खाल्लेलं… सगळं काल घडल्यासारखं. त्याच्या सायकलीचं ब्रेकचं रबर कायम झिजलेलं. उतारावर तो चप्पल टायरला घासून थांबायचा, आणि रत्ना तात्यांच्या जुन्या टायरातून रबर कापून त्याला बसवून द्यायची. एवढंच दिलं-घेतलं. कोणी कधी कोणाला काही बोललं नाही.

बारावीची गुणपत्रिका आणायला दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. रत्ना सकाळपासून एस्टीच्या रस्त्यावरच्या वडाखाली उभी राहिली. दुपार कलली तेव्हा मामांनी सांगितलं, गोरख सकाळच्या एस्टीनं चाकणला गेला, कंपनीत लागला. त्यानंतर आज, थेट पेंढ्यांत.

"सोमवारी महाडला हजर व्हायचंय," तो म्हणाला. "कंपनीनं तिकडं टाकलंय. वरंधा घाटानं उतरीन म्हणतो. तेवढे ब्रेक बघशील?"

म्हणजे पुन्हा जाणारच. रत्नानं पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली. ती लोण्यात बोट जावं तशी मुठीला येऊन टेकली.

"ऑइल काकवीसारखं झालंय. रबरी पाईप दाबला की फुगतोय. ब्रेकच्या पॅडात पत्र्याशिवाय काही उरलं नाही. गाडी विकली कुणी तुला?"

"भरवशाच्या माणसानं."

"भेटला तर पाया पडते त्याच्या."

काम दुसऱ्या दिवशीवर गेलं. रत्नानं भोरवरून पॅड आणले. रबरी पाईप काढून त्या जागी स्टीलच्या जाळीचा घालायचा ठरवला, म्हणजे घाटात तापला तरी फुगायचा नाही. मागच्या चाकाचे ब्रेकचे लायनर घासून घेतले. हात चालत होते आणि मन मागं ओढत होतं. काम जितकं चोख, तितका हा लवकर जाणार. आणि कच्चं काम करणं तिच्या हातांना ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी राहिलं ते नव्या पाईपातली हवा काढायचं. हे काम दोघांचं. एकानं लिव्हर दाबून धरायची. दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा बारीक नट सैल करायचा, की ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत उतरतात. नट आवळला, की मग लिव्हर सोडायची. आधी सुटली तर हवा पुन्हा आत, आणि सगळं पहिल्यापासून.

रत्नाची आई दळताना म्हणायची,

*जातं ओढू दोघी जणी, खुंट्यावर हात चार,*
*एकीचा गं थांबे हात, दुजीला गं जड भार.*

तसंच हे. एकाचा हात दुसऱ्याला कळायला हवा.

"दाब… धर." रत्ना चाकापाशी बसली होती. "आता सोड."

"रागावलीस अजून?"

"लिव्हरकडं बघ. दाब… धर…"

नळीत बुडबुड, आणि बाटलीतलं ऑइल उलटं वर चढलं.

"सोडलीस?"

"हात घसरला."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दाब, पुन्हा धर. त्याच्या मनगटावर ऊन पडलं होतं. तिनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं… आणि ऑइल पुन्हा उलटं चढलं.

"त्येचा हात लई घसरतोय आज," बाजेवरून तात्या म्हणाले.

पुढच्या खेपेला रत्नानं नटाकडं न बघता एकदम मान वर केली. बोटं आपणहून, हळूच, सैल होत होती. डोळे लिव्हरवर नव्हते, तिच्यावर होते.

"मुद्दाम करतोस."

"व्हय."

"का?"

"हवा निघाली की गाडी तयार. गाडी तयार झाली की मला जावं लागंल."

क्षणभर तिच्या अंगावरून मोरपीस फिरलं. दुसऱ्याच क्षणी राग आला, आणि तो जुनाही होता. "घाटात ह्याच हवेनं ब्रेक लागला नाही तर? ब्रेकाशी खेळायचं नाही, गोरख. थांबायचं असेल तर तोंडानं सांगायचं."

पुढच्या सगळ्या खेपांना त्यानं लिव्हर अशी धरली की बोटं पांढरी पडली. शेवटी ती दगडासारखी घट्ट लागली, आणि दोघांच्यात बोलायला ब्रेकचं निमित्तही उरलं नाही.

"चाचणी मी घेणार," रत्ना म्हणाली. "मागं बस. वजन लागतं."

तो दोन्ही हातांनी मागची दांडी धरून शहाण्यासारखा बसला. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलं होतं, ओल्या साळीचा गोड वास रस्ताभर सांडला होता. भाटघरच्या वाटेला भुरभुर सर आली. उताराला रत्नानं दोन्ही ब्रेक अंदाजानं दाबले. गाडी ओल्या रस्त्यावर कामसू बैलासारखी सरळ, जागच्या जागी उभी राहिली.

ती मागं न वळताच म्हणाली, "त्या दिवशी मी वडाखाली दुपारपर्यंत थांबले होते."

"एस्टीतनं दिसलीस."

"आणि उतरला नाहीस?"

"उतरलो असतो तर गेलोच नसतो. घरी खाणारी तोंडं होती, रत्ना."

पाऊस गाडीच्या तापलेल्या इंजिनावर पडून चुर्रचुर्र वाजत होता.

"आणि त्यानंतर?"

"आधी म्हटलं, नोकरी पक्की व्हऊ दे. मग म्हटलं, आता तिचं लगीन झालं असंल, कशाला विचारा… भ्यालो, दुसरं काय. मग मामा बोलले, रत्नाचं लगीन झालं न्हाई, गॅरेजातच हाय. महाडला जायला कोणी तयार नव्हतं, म्या हात वर केला. महाडहून भोर म्हंजे एक घाट."

"पावसाळ्यात तो बंद असतो."

"मग ताम्हिणी घाटानं येईन. लांब पडंल… पर येईन."

रत्नाला हसू आलं. ते आरशात त्याला दिसलं, हे तिलाही दिसलं.

"घाट आत्ताच उतरायचा नाही," ती म्हणाली. "पॅड नवे आहेत. आधी घाट टाळून शंभरेक किलोमीटर, हळूहळू ब्रेक लावत चालवायची, तेव्हा ते डिस्कवर नीट बसतात. वेल्ह्याला आईला भेटून ये."

"आईला काय सांगू?"

"आधी तात्यांना सांग. मग सुचेल."

गॅरेजात परतल्यावर रत्ना पिंपापाशी हात धुवायला गेली. पाठ दोघांकडं, कान मागं. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं: आता हा बोलला नाही, तर गाडी देऊन टाकायची. आणि परत कोणत्याही झाडाखाली उभं राहायचं नाही.

"औंदा भात बरं हाय, तात्या," गोरख म्हणाला.

"हाय."

"पाऊस जरा लांबला."

"लांबला."

रत्ना धुतलेलेच हात पुन्हा धुऊ लागली.

"तात्या, माझं रत्नावर मन हाय. शाळेपासनं. तुमची ना नसंल, तिची ना नसंल, तर लगीन करीन म्हणतो."

तात्यांनी गुडघ्यावरचा हात उचलला. "आत्ता गाडी कोनी चालवत आनली?"

"रत्नानं."

"आन तू मागं गप बसला व्हतास?"

"व्हय."

"मग जमंल. बाकी तिला इचार."

गोरख वळला. रत्ना ओढणीला हात पुसत उभी होती. त्यानं विचारायच्या आत तिनं खुंटीवरचं दुसरं हेल्मेट काढलं.

"पॅड कसे बसतात ते माझं मला बघायला लागतं," ती तात्यांना म्हणाली. "वेल्ह्यापर्यंत जाऊन येते. त्याच्या आईलाही भेटून होईल."

"दिवस मावळायच्या आत या," तात्या म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.