चार खिडक्यांमागचा मिहीर

रोज दुपारी चारला शलाका हुपरीकर दोन कप चहा करायची, एक स्वतःपुढे, एक समोर ठेवायची आणि वारलेल्या नवऱ्याशी बोलायला बसायची. साताऱ्यात आता याचं कुणाला काही वाटत नसे. गल्लीतल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी असं बोलत असे. समोरचा कप शेवटी तीच प्यायची, गार झालेला. फुकट घालवायचं नाही म्हणून ही बाई विषही पिईल, असं मिहीर जिवंतपणी म्हणायचा आणि मेल्यावरही म्हणायचा.

मनःप्रत हा शब्द एव्हाना शाळकरी पोरांच्याही तोंडात बसला होता. माणूस धडधाकट असतानाच त्याच्या मेंदूची, बोलण्याची, आठवणींची बारकाईने नोंद घ्यायची आणि तिच्यावरून संगणकात त्याच्यासारखं विचार करणारं मन उभं करायचं, ती मनःप्रत. घरातल्या छोट्या यंत्रातून आपलं बोलणं शहराबाहेरच्या केंद्रात जायचं आणि माणसाच्या आवाजात उत्तर यायचं. मिहीर भूगोलाचा मास्तर होता. आजही वारा कुठून वाहतोय हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि बोलणं संपलं की तो न चुकता "येतो गं" म्हणायचा. घरातून निघणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, हे त्याच्या आईने त्याच्या हाडीमाशी खिळवलं होतं.

शलाकाच्या मनात मात्र एक काटा होता. मिहीरचा श्वास यंत्रावर चालला होता तेव्हाची गोष्ट. अकरा वर्षं अबोला धरलेला त्याचा धाकटा भाऊ निनाद अखेर टोरांटोहून निघाला होता, गुरुवारी पोचणार होता. शुद्ध हरपण्याआधी मिहीरने बायकोकडे एवढंच मागितलं होतं, की निनाद येईपर्यंत मला थांबव. पण तिच्याच्याने ते हाल बघवले नाहीत. यंत्र काढण्याच्या कागदावर तिने मंगळवारीच सही केली.

मनःप्रत आजारपणाच्या आधीची होती, म्हणून तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. वर्षभर गिळून ठेवलेलं हे सगळं शलाकाने एके दिवशी सांगून टाकलं. मिहीर म्हणाला, "शलू, तुझ्या जागी मी असतो तर सोमवारीच केली असती." ती पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी ती इतकी हलकी झाली होती की चहात दोनदा साखर पडली.

चारच दिवसांनी तिने बोलता बोलता त्या सहीचा उल्लेख केला, तर मिहीरने विचारलं, "कसली सही?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. या वेळी तो म्हणाला, "दोन दिवस, शलू. दोनच दिवस राहिले होते." आणि मग, "जातो मी."

हा शब्द तिने त्याच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी पुन्हा खुशीत, वाऱ्याची चौकशी करायला तयार. कधी तो समजूत घालायचा, कधी घुम्यासारखा बसायचा, कधी त्याला काहीच ठाऊक नसायचं. आपल्याला वेड लागलंय की त्याला, हे विचारायला शलाका शेवटी केंद्रात गेली.

तिथे डॉ. मुक्ता तारळेकर भेटली. बोलणं घेऊन उत्तर देणारी ही सगळी व्यवस्था तिनेच उभी केली होती. त्या व्यवस्थेला ही मंडळी एपीआय म्हणतात. शलाकाने तो शब्द ऐकताच हात जोडले, तेव्हा मुक्ता पोस्टाच्या उदाहरणावर आली.

"काकू, पोस्टात खिडकी असते ना? आत काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. आपण कागद सरकवतो, काम होऊन येतं. पण खिडकी एकच असली तर लोक ताटकळतात. संगणकात काम करणारे गाभे पुष्कळ असतात. म्हणून दोन महिन्यांपूर्वी आम्ही प्रत्येक मनाच्या चार सारख्या प्रती चार गाभ्यांवर बसवल्या. रांग एक, खिडक्या चार. जी मोकळी असेल तिथे तुमचं बोलणं जातं."

"आणि एका खिडकीवर सांगितलेलं दुसरीला कळत नाही?"

"नाही. प्रत्येक गाभ्याची आठवण आपापली. ती चौघांत सामाईक ठेवायला हवी होती, मी ठेवली नाही." मुक्ताने मान खाली घातली. "माझ्या टेबलावर तपासलं तेव्हा गाभा एकच होता, काकू. तिथे सगळं बिनचूक चालत होतं."

शलाकाला राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं रडू आलं. मुक्ताने नोंदी पाहून सांगितलं, की पहिल्या मिहीरने माफ केलंय, दुसऱ्याने नाही, तिसऱ्या-चौथ्याला अजून काही माहीत नाही. या चौघांना जोडून एक करता येईल का, असं शलाकाने विचारलं. मुक्ता म्हणाली, वह्या जोडता येतात, मनं नाही. सांगितलेल्या गोष्टीने मन आतून बदलतं. एक रागावलेला आणि एक न रागावलेला यांची बेरीज अर्धा रागावलेला अशी होत नाही, दोघंही बिघडतात.

अशी गफलत बऱ्याच घरांत निघाली होती. म्हणून नवा नियम आला होता, माणूस एक, मनःप्रत एक. बाकीच्या बंद करायच्या. त्यासाठी जवळच्या माणसाची सही लागत होती, प्रत्येक प्रतीसाठी वेगळी.

शलाकाने तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या कागदावर सही केली. दुसऱ्याच्या कागदाशी तिचा हात अडला. मुक्ता म्हणाली, घाई नाही, उद्या या. पण 'दोनच दिवस' हे शब्द पुन्हा ऐकायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने सही केली आणि माफ करणारा मिहीर ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी चारला तिने चहा केला. वर्षभर गिळलेली ती सही सोडली, तर चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यापासून लपवलं असं काहीच नव्हतं. तिने सगळं सांगितलं, खिडक्या, गाभे, तीन कागद.

मिहीरने शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांतल्या कितींनी तुला माफ केलं नव्हतं?"

"एकाने."

"त्याला निदान विचारलंस?"

कपावर साय धरायला लागली होती, ती शलाकाने चमच्याने बाजूला केली.

"मलाच विचारलं नाहीस म्हणायचं," मिहीर म्हणाला. "दुसऱ्यांदा." आणि मग, "जातो मी."

शलाकाने दोन्ही कप विसळून पालथे घातले. उद्या चारला बोलायला बसायचं, तर आता खिडकी एकच होती.