निळ्या डब्यातले अकरा कान

"डबा गेला," अध्यक्ष खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. "परवा आमचा वार्षिक समारंभ, आणि डबा गेला."

वहिनींनी त्यांना बसायला लावलं, पाणी दिलं. खासगी तपासाचा धंदा त्या बावीस वर्षं करत होत्या. शेजारच्या टेबलावर त्यांचे धाकटे दीर वही उघडून तयारच होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या हाताखाली काम करत. दिरांचं ऐकून सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले, आणि दीर सगळ्यांचे भाऊजी झाले.

"कसला डबा?"

"निळा, पत्र्याचा. आत अकरा श्रवणयंत्रं. आमचा सेवा क्लब दरवर्षी गरजू मुलांसाठी काहीतरी करतो. या खेपेला ऐकू न येणारी अकरा मुलं घेतली. कपाट फोडलेलं नाही, किल्लीनं उघडलंय."

"किल्ली कुठे असते?"

अध्यक्षांनी खाकरून घेतलं. "सभागृहातल्या करंडकात. तशी ती सगळ्यांनाच माहीत आहे."

भाऊजींनी वहीत 'संशयित : सगळे' असं लिहून खाली रेघ मारली.

क्लबच्या सभागृहात समारंभाची तयारी चालू होती. सचिव माइक तपासत होते. तो कर्ण्याजवळ गेला की कर्कश शिट्टी मारायचा. सचिवांनी माइक लांब नेला तेव्हा कुठे तो गप्प झाला.

कपाटात डब्याची जागा रिकामी होती. बाजूला यंत्रांच्या सेलची अकरा पाकिटं नीट रचलेली होती. वहिनींनी ती एकेक करून उलटून पाहिली. एक फोडलेलं होतं आणि त्यातला एकच सेल कमी होता.

"चोर सेल न्यायला विसरला," भाऊजी म्हणाले. "घाईत असणार."

"घाईतला माणूस पाकीट फोडून एक सेल काढत बसतो का?"

भाऊजींनी पेन्सिल कानामागे खोचली. विचारात पडले की ते असंच करत.

"डबा शेवटचा कधी पाहिलात?" वहिनींनी सचिवांना विचारलं.

"बुधवारी सकाळी. गुरुवारी सकाळी कपाट उघडलं तर नव्हता."

"यंत्रं क्लबकडे कधीपासून आहेत?"

"चौदा महिने झाले. पहिल्यांदा पाहुणे आजारी पडले, मग ते परदेशी गेले, मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं."

"मुलांना घरी नेऊन द्यायची."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही. पाहुण्यांचा हात लागल्याशिवाय या कपाटातून काही बाहेर जात नाही." सचिवांना प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "आणि मग फोटो कसा निघणार?"

सभागृहामागच्या खोलीत म्हातारा रखवालदार राहायचा. त्याची साडेपाच वर्षांची नात पायरीवर बटणं जुळवत बसली होती. अकरांतली एक तीच. क्लबनं गेल्या वर्षी दिलेल्या सँडलमधून तिच्या टाचा बोटभर बाहेर आल्या होत्या. आजोबा बोलायला लागले तशी ती उठली आणि तिनं आपला तळवा त्यांच्या गळ्यावर ठेवला.

"अशीच ऐकते ती," रखवालदार म्हणाला. "हाताला काय कळतं तेवढंच."

"पोरीच्या केसांना च्युइंगम लागलंय," भाऊजी म्हणाले. खरंच, कानामागे गुलाबी गोळी चिकटली होती. म्हाताऱ्यानं झटकन नातीला मागे घेतलं.

"बुधवारी इथे कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"काही आवाज?"

"काही नाही हो, बाई."

भिंतीपलीकडच्या शिंप्याला मात्र आवाज आला होता. "बुधवारी दुपारी. बारीक, लांबच लांब शिट्टी, तीनदा. मी मशीन थांबवून बाहेर आलो. म्हातारबुवा तर दारातच बसलेले, पण ढिम्म हलले नाहीत."

"चोराची खूण," रस्त्यात भाऊजी म्हणाले. "साथीदाराला बोलावत असणार. म्हातारा सामील आहे."

"सामील आहे, हे खरं," वहिनी म्हणाल्या.

शेवटी दोघं साचेवाल्या ताईंकडे गेली. यंत्र कानात बसवायचा साचा बनवणं हा ताईंचा व्यवसाय. क्लबचं काम त्या फुकट करत. वाडग्यात गुलाबी लगदा कालवलेला होता.

"हा कानात भरायचा, पाच मिनिटांनी काढायचा," त्या म्हणाल्या. "त्या ठशावरून साचा होतो. ज्याचा त्याला."

"क्लबच्या मुलांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"ठसे घेतले तेव्हा. चौदा महिन्यांपूर्वी. साचे करून यंत्रांना लावून दिले, ते डब्यात गेले."

"त्या रखवालदाराच्या नातीला बोलता येईल?"

ताई हात पुसत राहिल्या. "वयाच्या सहाच्या आत कानावर आवाज पडायला लागला तर बरीच आशा असते. पुढे फार अवघड." त्यांच्या मागच्या फळीवर तीन गुलाबी ठसे ठेवले होते. ते दुसऱ्या कामाचे आहेत, असं त्या न विचारताच म्हणाल्या.

घरी आल्यावर वहिनींनी चहा गार होऊ दिला. "उद्या सगळ्यांना सभागृहात बोलवा, भाऊजी."

"चोर कळला?"

"कळला. आणि नीट समजावून सांगितलं तर अध्यक्षांना लाज वाटेल. समारंभ ते पंधरा दिवस पुढे ढकलतील. मुळात माणसं वाईट नाहीत."

शनिवारी सगळे जमले. वहिनी उभ्या राहूनच बोलल्या.

"विकायला नेणारा चोर सेल सोडणार नाही. इथे तर एकच सेल काढलाय. म्हणजे कुणीतरी एक यंत्र इथेच चालू करून पाहिलं. कुणाच्या कानात? अकरांपैकी इथे राहते ती एकच मुलगी."

रखवालदारानं मान खाली घातली.

"शिंप्यानं ऐकलेली शिट्टी माणसाची नव्हती. तुमचा माइक कर्ण्याजवळ गेला की जसा ओरडतो, तसंच यंत्राचं होतं. साचा कानात घट्ट बसला नाही की आवाज बाहेर गळतो, परत यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजते. साचा तिचाच होता, मग बसला का नाही? तिच्या सँडल बघा. चौदा महिन्यांत पाय वाढले, तसे कानही वाढले. डब्यातले अकराही साचे आज निकामी आहेत."

अध्यक्ष सचिवांकडे पाहू लागले.

"तिच्या केसांतलं ते च्युइंगम नव्हतं. तो ठशाचा लगदा होता. चौदा महिन्यांपूर्वीचा लगदा केसात राहत नाही. म्हणजे याच आठवड्यात तिचा नवा ठसा घेतला गेला. आजोबांनी शिट्टी ऐकूनही मान वळवली नाही, कारण आत कोण आहे हे त्यांना माहीत होतं. ठसा घेणारं माणूस गावात एकच आहे."

साचेवाल्या ताईंनी पिशवीतून निळा डबा काढून टेबलावर ठेवला.

"तीन मुलांचे नवे ठसे झाले, साचे व्हायचेत," त्या म्हणाल्या. "आठ मुलं राहिलीत, लांबलांबच्या गावांत आहेत. पंधरा दिवस हवे होते. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, अध्यक्षसाहेब. समारंभानंतर बघू म्हणालात. समारंभानंतर मुलं घरी जातात, यंत्र शिट्टी मारतं, आईबाप ते फडताळात टाकतात. डबाच नसला तर समारंभ पुढे जाईल, असं वाटलं मला."

वहिनी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघत थांबल्या. तो हळूहळू सैल झाला.

"म्हणजे डबा मिळाला," अध्यक्ष म्हणाले. "पाहुणे आता पाचव्यांदा काही तारीख देणार नाहीत. साचे नंतर बघू. पण उद्या स्टेजवर त्या शिट्ट्या?"

सचिवांनी थोडा विचार केला. "सेल घालायचेच नाहीत. मग वाजणार नाहीत."

"आणि ताई, तुम्ही आता क्लबच्या कामाला आला नाहीत तरी चालेल. त्या मुलांच्या कानांनाही हात लावू नका. पोलिसात जात नाही, एवढं समजून घ्या."

"मग साचे कोण करणार?" भाऊजींनी विचारलं. एवढा नेमका प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला असेल. सचिव माइकची वायर गुंडाळू लागले.

रविवारी समारंभ झाला. अकरा मुलं ओळीनं उभी राहिली, पाहुण्यांनी अकरा मुकी यंत्रं अकरा कानांत बसवली, फोटो निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुलं हलणारे हात बघत राहिली. पुढल्या वर्षी शाळेच्या दप्तरांचा उपक्रम आहे, असं सचिवांनी जाहीर केलं.

वहिनी मागच्या दारानं निघाल्या. आपण जिभेला आवर घातला असता, डबा सापडला नाही एवढंच म्हटलं असतं, तर राहिलेल्या आठांतल्या दोन-तीन मुलांचे तरी साचे झाले असते. रखवालदाराच्या नातीचा तर झालाच असता. बावीस वर्षांत एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

पायरीवर रखवालदाराची नात बसली होती. यंत्र तिच्या कानातून निसटून खांद्यावर लोंबत होतं. वहिनी वाकल्या तशी ती उठली, आपला तळवा तिनं त्यांच्या गळ्यावर ठेवला आणि वाट बघत उभी राहिली.

वहिनींना बोलायला काही सुचलं नाही. भाऊजी मागे वही घेऊन उभे होते. मुलीनं थोडा वेळ हात तसाच ठेवला, मग काढून घेतला आणि ती परत बटणं जुळवायला बसली.