ओल्या लाकडाचा उजेड

आईला डोळे मिटण्याआधी एकदा ते उजळणारं लाकूड पाहायचं होतं, म्हणून भर ऑगस्टात आम्ही तिघं कचारगडच्या पलीकडच्या जंगलात शिरलो: मी, माझा भाऊ राजदीप आणि देवाजीमामा. लहानपणी आईनं आणि मामानं तिथल्या एका गुहेत असं लाकूड पाहिलं होतं. मी तिरोड्याला रसायनशास्त्र शिकवते. कुजक्या लाकडातली बुरशी हवेतला ऑक्सिजन घेते आणि आगीशिवाय, उष्णतेशिवाय उजेड देते, हे मी मुलांकडून दरवर्षी घोकून घेते. स्वतः मात्र कधी पाहिलं नव्हतं!

चिखलाची चढण, पायाला जळवा, वाटेत अस्वलाची ताजी विष्ठा. दुपारी गुहा सापडली. आत पन्नास पावलांवर मी बॅटरी बंद केली. येनाच्या झाडाच्या कुजक्या खोडावर फिकट हिरवा उजेड पसरला होता! मी हात लावला. थंडगार! मामा तर ढसाढसा रडला. आईसाठी एक तुकडा तोडून राजदीपनं पाठीवर बांधला.

परतताना नाला फुगला होता. राजदीपचा पाय सटकला! मामानं त्याची कॉलर धरली, मी मामाची कंबर. खेचलं! तिघंही वाचलो, पण राजदीपच्या पाठीवरचा लाकडाचा तुकडा चिंब भिजला.

रानाकाठच्या एका घरी आसरा मिळाला. आम्ही भाऊबहीण जीप शोधायला गेलो. तासाभरानं परतलो, तर लाकूड चुलीवर टांगलेलं!

"मामा, काऊन टांगलं?"

"ओलं झालं होतं ना वं. मासोळ्या, मोहफुलं, सारं वाळवलं का टिकते."

अंधार करायला मी एका गोणपाटाखाली डोकं घालून लाकूड पाहिलं. नुसता काळोख. त्या बुरशीला ओल लागते, आच लागली की ती मरते, एवढं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. एवढी शिकलेली मी, आणि चूक माझीच!

घरी आईच्या खोलीची खिडकी घोंगडीनं झाकली. चुकूनमाकून कुठे उजेड उरला असेल, या वेड्या आशेनं लाकूड तिच्या हातात दिलं.

आई बराच वेळ पाहत राहिली.

"माहे डोळे गेले वाटते, रीना," ती म्हणाली. "मले काहीच नाही दिसून राहिलं."

मामा पुढं झाला.

"डोळे नाही गेले, बाई. उजेड मीनंच मारला. चुलीवर वाळवला मी त्याले."

आईनं सुस्कारा सोडला.

"मंग बरं झालं. काढा ते घोंगडी. तुमचे तोंडं तरी पाहू दे."

राजदीपनं घोंगडी ओढली. आम्ही तिघंही रडत होतो, पण कुणी तोंड फिरवलं नाही.