हलायचं नाही

काजव्याला काजवा हे नाव ताईने ठेवलं होतं, आणि त्यात कौतुकाचा भाग जवळजवळ नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला टॉर्च लागतो, म्हणून त्याने पिवळ्या उजेडाचा एक दणकट टॉर्च घेतला. मग बोटाएवढे दहा घेतले, आणि ते जसे होते तसे त्याला एक दिवसही पसंत पडले नाहीत. तो त्यांची मुंडकी फिरवून काढायचा, आतला पांढरा एलईडी उपटून तिथे हिरवा, लाल नाहीतर जांभळा सोल्डर करून बसवायचा आणि पुढे काळ्या कागदाची नळी चढवायचा, म्हणजे उजेड इकडेतिकडे सांडत नाही. पांढरा त्याने एकही ठेवला नव्हता. पांढऱ्या उजेडात फोटो दवाखान्यातला वाटतो, असं त्याचं मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा.

या टॉर्चनी तो अंधारात चित्रं काढायचा. ठार काळोख, तिकाटण्यावर कॅमेरा, शटर मिनिटभर उघडं. तेवढ्या वेळात काळे कपडे घातलेल्या माणसाने टॉर्च घेऊन हवेत रेघा ओढायच्या. रेघा फोटोत उमटतात. माणूस उमटत नाही.

"सगळं काम करायचं आणि फोटोत यायचं नाही," ताई म्हणाली होती. "म्हणजे माझंच की."

त्या रविवारी त्याने ताईच्या लेकीला उजेडाचे पंख काढून द्यायचं कबूल केलं होतं. लेक सात वर्षांची. घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण तिचे पाय झोपेतही चालू असत. जागा म्हणजे तो ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळायचा तिचं सगळ्यात खालचं तळघर. पाणी झिरपतं म्हणून तिथे गाड्या लावणं बंद झालं होतं आणि दिवेही काढून नेले होते. दुपारी अडीच वाजता तिथे स्वतःचा तळहात दिसत नव्हता. ओल्या सिमेंटचा वास येत होता आणि कुठल्याशा पाइपातून सावकाश थेंब पडत होते.

काजव्याने जमिनीवर खडूने फुली मारली. "इथे उभी राहा. हलायचं नाही."

"नाक खाजवलं तर?"

"तर फोटोत दोन नाकं येतील."

"मग तीन आणू या."

ताई कॅमेऱ्यामागे. शटरचं बटण वायरच्या टोकाला होतं. ते दाबून पुढे सरकवलं की अडकून राहतं आणि परत मागे ओढेपर्यंत शटर उघडंच असतं. बोट दुखतं म्हणून ताई ते अडकवूनच ठेवायची आणि मोठ्याने आकडे मोजायची.

पहिल्या फोटोत त्याने हिरव्या टॉर्चने भिंगरीच्या कडेकडेने रेघ ओढली. पंखांच्या आधी तेवढी रंगीत तालीम. ती इतकी वळवळली की फोटोत कोथिंबिरीची जुडी उभी असल्यासारखं दिसत होतं. पण तिच्या डाव्या बुटाभोवती आणखी एक रेघ होती. पांढरी. बुटापासून घोट्यापर्यंत.

"हे काय?" ताईने विचारलं.

"पाण्यात चमकलं असेल काहीतरी."

"हिरवं पांढरं चमकतं?"

त्याने टॉर्च मोजले. पांढरा नव्हताच, तरीही मोजले. मग दुसरा फोटो काढला. या वेळी पांढरी रेघ दोन्ही पायांवरून चढत कमरेपर्यंत आली होती. हिरवी रेघ थरथरत, तुटत गेली होती. पांढरी एका दमात ओढलेली होती, अंगाला चिकटून, फ्रॉकच्या प्रत्येक चुणीला वळसा घालून. ती आपल्यापेक्षा सरस आहे हे पाहून काजव्याला आधी थोडा राग आला. भीती त्यानंतर आली, आणि ती आल्यावर राग कुठे गेला ते कळलं नाही.

"आवर. निघू या," ताई म्हणाली.

"एक मिनिट. कॅमेराच बिघडला असेल तर सगळे टॉर्च बंद असतानाही रेघ येईल. एवढं बघू आणि जाऊ."

"बघ. पण पोरीला बाजूला घे."

"ती हलली तर तुलना कशी करणार? साठ आकडे, ताई."

हे वाक्य त्याला पुढे बरेच दिवस ऐकू येणार होतं.

त्याने सगळे टॉर्च पिशवीत घातले, चेन ओढली आणि ताईच्या शेजारी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. शटर उघडल्याचा आवाज झाला. ताई मोजू लागली. काजवा डोळे फाडून बघत होता. काही नव्हतं. ना रेघ, ना ठिपका.

वीस. एकवीस.

भिंगरी खुदकन हसली. "मामा, गुदगुल्या होतायत."

काजव्याचा हात ताईच्या खांद्यावर होता. ताईला तो हात जाणवत होता. आकडे थांबले.

"मामा, आता मानेला नको ना."

त्याने पिशवी फाडल्यासारखी उघडली आणि पिवळा टॉर्च लावला. भिंगरी फुलीवर उभी होती. एकटी. हनुवटी किंचित वर केलेली, न्हाव्यापुढे बसल्यासारखी.

"चल, भिंगरी."

ती हलली नाही. "हलायचं नाही, म्हणतोय."

"मी नाही म्हणत आता."

"तू नाही."

त्याने तिला उचललं. ताई पुढे, तो मागे, असे ते उतारावरून धावत वर आले. वर ऊन होतं. गाडी होती. ताईने लेकीला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि मग तिथेच डांबरावर मटकन बसली.

काजव्याचा श्वास ठिकाणावर आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"ताई, बटण मागे ओढलंस?"

ताईने स्वतःच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

शटर उघडं होतं. खाली, अंधारात, अजून.

तो परत उतरला. धीटपणाने नाही. वर उभं राहणं जमेना म्हणून. कॅमेरा जागच्या जागी होता. त्यावरचा आकडा नऊ मिनिटांच्या पुढे गेला होता. फुलीकडे न बघता त्याने बटण मागे ओढलं, तिकाटण्यासकट कॅमेरा बगलेत मारला आणि वर आला.

गाडीत ताईशेजारी बसून त्याने तो फोटो उघडला.

पिवळ्या टॉर्चच्या उजेडाने अर्धा फोटो करपला होता. उरलेल्या अर्ध्यात भिंगरी होती. पांढरी रेघ डाव्या बुटापासून निघून, डोक्यावरून फिरून, परत डाव्या बुटाला मिळाली होती. कुठे फट नव्हती.

रेघेच्या आत भिंगरी स्पष्ट दिसत होती. फ्रॉकची बटणं मोजता येत होती. नऊ मिनिटांच्या फोटोत इतकं स्पष्ट यायचं तर जवळपास नऊ मिनिटं तिथे उभं राहावं लागतं.

तिचं तोंड उघडं होतं. हाक मारताना उघडतं तसं.

"काय आलंय?" ताईने विचारलं.

"काही नाही."

त्याने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर भिंगरी हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. बसवली तेव्हापासून तशीच.

"काही असो," ताई म्हणाली. तिने चावी फिरवली. "तो फोटो पुसून टाक. आत्ताच्या आत्ता."

काजव्याचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच राहिला.

मागच्या सीटवरची मान पहिल्यांदाच हलली.

"हो मामा," ती म्हणाली. "पुसून टाक."