ओटीपी सांगू नका

वॉशिंग मशीनच्या पायाशी असलेलं छोटं झाकण शुभांगीनं फिरवून उघडलं, आणि खाली ठेवलेल्या ताटलीत पाण्याबरोबर मेथी पडली.

एखाददुसरं पान नव्हे, चांगली मूठभर. मागोमाग थोडी कोथिंबीरही आली.

"काकू, यात काय काय धुता?" तिनं विचारलं.

"कापडंच की," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"मग ही मेथी कुणाच्या खिशातून आली?"

दारात कुणीतरी हसलं. शुभांगीनं मान वळवली. खांद्यावर शेवंतीचं क्रेट, कोपरापर्यंत चिखल, आणि हसू लपवायला हात रिकामा नाही, असा एक तरुण दारात उभा होता.

"आई, सांगून टाक," तो म्हणाला. "मॅडम पोलीस नाहीत."

"तू गप रे महेश." चंद्रभागाबाईंनी पदर सावरला. "जुड्या धुतल्या की वल्ल्या ऱ्हात्यात. गिऱ्हाईक म्हणतं, पाणी मारून आणल्यात. म्हनून जराशी फिरवून घेतली. कापडं सुकत्यात, मग मेथी का नाय सुकायची?"

प्रश्नात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. शुभांगी जमिनीवर नीट बसली. फिल्टर हातात धरून तिनं समजावलं, की पाणी या जाळीतून बाहेर जातं, जाळी पानांनी भरली की पाणी आत अडकतं आणि मशीन बंद पडतं. चंद्रभागाबाई मन लावून ऐकत होत्या. त्यांच्यापेक्षा जास्त मन लावून महेश ऐकत होता. क्रेट अजून त्याच्या खांद्यावरच होतं…

"मेथीला एवढा वेग सोसत नाही, काकू."

"आणि माणसाला?" महेशनं विचारलं.

"काय?"

"काही नाही. वेगाचं विचारत होतो."

खरं तर ही तक्रार तिच्या वाट्याची नव्हतीच. नेहमीच्या माणसाला ताप आला, म्हणून सर्व्हिस सेंटरनं तिला मखमलाबादच्या पुढे या मळ्यात पाठवलं होतं. तिनं फिल्टर बसवला आणि फोन काढला.

"तक्रार बंद करायला ओटीपी लागेल. नंबर तुमचाच ना?"

"घरचाच." महेश आत गेला आणि बाहेर येऊन चार आकडे सांगितले. "हल्ली सगळ्यालाच ओटीपी. पार्सलला ओटीपी, सिलिंडरला ओटीपी. उद्या कुणाला चहाला थांबवायचं तरी लागेल."

"चहाला नाही लागत," शुभांगी म्हणून गेली. मग चहा घ्यावाच लागला. गवती चहा होता, कपाला शेवंतीचा वास होता. 

संध्याकाळी तिनं त्या नंबरवर मेसेज टाकला. तसा ती सगळ्याच ग्राहकांना टाकायची. 'मशीन नीट चालतंय ना?'

उत्तर आलं, 'मशीन मजेत हाय. घरात सगळ्यात जास्त आराम त्यालाच.'

ती एकटीच हसली. मग तिनंही काहीतरी लिहिलं. त्यावर पुन्हा उत्तर आलं.

पण त्या दिवसापासून तिचा गोंधळ सुरू झाला तो झालाच.

पहाटे त्या नंबरवरून वाफाळत्या कपाशेजारी बसलेले दोन पोपट यायचे. वर 'शुभ सकाळ'. दुपारी एकदम काळजी, 'जेवलीस का'. आणि रात्रीच्या जेवणाआधी थट्टा, 'आज बायकोनं मिक्सर लावला, शेजारी म्हणाले विमान उतरलं का'. शुभांगीनं तो मेसेज पुन्हा वाचला. बायको? मग तिनं स्वतःला समजावलं, की विनोद आहे, कुठून तरी आलेला पुढे पाठवला असेल.

सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रारी नोंदवून घेणाऱ्या निलोफरला तिनं शेवटी फोन दाखवला.

"हे बघ. काल आलाय."

निलोफरनं मोठ्यानं वाचलं. "'थंडी लई हाय गाडीवर जाताना कानाला बांधत जा हाड हाड'…" ती थांबली. "तुला हाड म्हणतोय?"

"तेच कळत नाही ना. आधी एवढी काळजी, आणि मग…"

"नाशिकची थंडी डोक्यात गेली असेल." निलोफरनं चहाचा घोट घेतला. "शुभा, सच बोल. आवडतो?"

"कोण?"

"तोच, हाड हाडवाला."

शुभांगीनं तिच्या हातून फोन काढून घेतला. पण दुसऱ्या दिवशी तिनं कानाला रुमाल बांधला, आणि दिवसभर तिला उगीचच कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटत राहिलं.

पंधरवड्यात पुन्हा तक्रार आली, मशीन पाणी सोडत नाही. या वेळी निलोफरनं कुणालाही न विचारता ती शुभांगीच्या नावावर टाकली.

फिल्टरमध्ये झेंडूच्या पाकळ्या होत्या. केशरी, टवटवीत.

"मी नाय हां," चंद्रभागाबाई गळ्याला चिमटा घेत म्हणाल्या. "तू सांगितल्यापासून भाजी लांबच ठेवती मी."

शुभांगीनं एक पाकळी बोटावर घेतली. मशीनमध्ये गरगर फिरलेली पाकळी अशी दिसत नाही… ती विचारणार, तेवढ्यात महेश आला. तिनं कानावरचा रुमाल मुद्दाम सारखा केला.

"बांधलाय बरं का," ती हळूच म्हणाली.

त्यानं रुमालाकडे पाहिलं. "छान दिसतोय."

"एवढंच?"

"म्हणजे… रंगही छान आहे."

फोनवर इतकं बोलणारा माणूस समोर आला की असा का होतो? ती मिक्सरचा विनोद आठवून हसली, तर तो बावचळून मागे बघायला लागला. निघताना मात्र तो गाडीपर्यंत आला. शेवंतीची दोन फुलं त्यानं तिच्या हँडलच्या वायरीत खोवली आणि म्हणाला, "या पुन्हा." मग घाईनं, "म्हणजे मशीन बिघडलं तर."

रस्ताभर ती फुलं थरथरत होती. शुभांगीला कळेना, यातला खरा कोणता? फोनमधला की समोरचा?

त्याच आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. पुण्याच्या मोठ्या सेंटरमध्ये जागा होती. काम चांगलं, पगार चांगला. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं, आणि जायच्या आधी नावावरच्या सगळ्या तक्रारी बंद करायच्या.

महिन्यापूर्वी तिनं विचारायच्या आत हो म्हटलं असतं. आता मात्र एक गोष्ट कळल्याशिवाय तिला उत्तर देता येणार नव्हतं. तिनं फोन हातात घेतला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

'मला पुण्याला बोलावलंय. सोमवारी सांगायचंय. तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही.'

पाठवलं, आणि फोन उशीखाली ढकलला.

सकाळी उत्तर आलेलं होतं. सप्तशृंगी गडाचं चित्र, आणि खाली, 'अवश्य जा. लई प्रगती कर. देवी पाठीशी हाय.' थोड्या वेळानं आणखी एक, 'स्वेटर घेऊन जा'.

"एवढं सरळ विचारलं," ती निलोफरला म्हणाली, "आणि हा मला स्वेटर घे म्हणतो."

निलोफरनं आधीचे मेसेजही वर सरकवून वाचले. "शुभा, हा मुलगा आहे की काका?"

"जाऊ दे. मी पुण्याला हो म्हणते."

"म्हण. पण आधी हे बघ, शनिवारची तक्रार. मखमलाबाद. मशीन पाणी सोडत नाही."

शुभांगी गेली. रागानं गेली आणि कानाला रुमाल न बांधता गेली.

अंगणात बाजेवर महेशचे वडील, झुंबरअण्णा, उन्हाला बसले होते. आजवर ते तिला दुरूनच, वाफ्यात वाकलेले दिसले होते. आज त्यांच्या हातात फोन होता. हात लांब धरून, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ते काहीतरी लिहीत होते. त्यांनी समाधानानं शेवटचं बटण दाबलं…

शुभांगीच्या खिशात फोन वाजला.

तिनं बघितलं. 'म्याडम निघाल्या का.'

"आलेय मी, अण्णा," ती कशीबशी म्हणाली.

"अरे वा. पोचला म्हणायचा."

तेवढ्यात चंद्रभागाबाई आतून आल्या. "द्या हिकडं. माझी बारी." त्यांनी फोन तोंडासमोर धरला, माईकचं चित्र दाबलं आणि शुभांगीसमोरच जोरात बोलल्या, "जेवलीस का पोरी…" पायात कुत्रं आलं. "हाड, हाड." मग मान वर करून त्या हसल्या. "समोरच हाय की ही. सवय झाली बघ. महेशनं शिकवलं, बोललं की आपोआप लिवतंय."

शुभांगी बाजेच्या कडेला बसली. 

"म्हणजे… पुण्याचं मी विचारलं, ते…"

"आम्हीच वाचलं," अण्णा म्हणाले. "लई बरं वाटलं. आजकाल थोरामोठ्यांना विचारतंय कोण? मी म्हटलं, पोरगी हुशार हाय, आडवायचं नाय."

"स्वेटरचं माझं हां," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

तिचे कान इतके तापले, की रुमालाची गरजच उरली नाही. इतके दिवस ती ज्याच्याशी बोलत होती तो महेश नव्हताच. ज्या काळजीवर ती विरघळली ती आईची होती. मग महेशचं काय होतं? काहीच नव्हतं? फक्त दोन फुलं?

तोंड लपवायला कामासारखी जागा नाही. ती आत गेली, मशीनपुढे बसली आणि झाकण फिरवलं.

ताटलीत एक शेवंती पडली. पिवळीधमक, अख्खी, देठासकट.

तिनं फूल उचललं. या फुलानं मशीनची एकही गिरकी खाल्ली नव्हती. आत धुतलेली मेथीसुद्धा चिंध्या होऊन आली होती. झेंडूच्या त्या टवटवीत पाकळ्या तिला आठवल्या…

"महेश," तिनं हाक मारली. पहिल्यांदाच, नुसत्या नावानं.

तो दाराआडच होता.

"वरून टाकलेलं फूल इथपर्यंत असं येत नाही."

"येत नाही," तो म्हणाला. "खालचं झाकण उघडून आत ठेवलं की राहतं. तुम्हीच शिकवलंत ते उघडायला."

"पण का?"

"तुम्ही यावं म्हणून."

"फोन करायचा होता."

त्यानं खिशातून बटणांचा जुना फोन काढला. चिखलाचे डाग पडलेला. "हा माझा. दोन स्मार्टफोन पाण्याच्या टाकीत गेले, मग नाद सोडला. तुमचा नंबर घरच्या फोनमध्ये आहे हे मला ठाऊकच नव्हतं, माझ्याकडे कंपनीचा होता. तो लावला की रेकॉर्डवरच्या बाई म्हणतात, नवीन वस्तूसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. माझं जे होतं त्याला बटणच नव्हतं. मग मी दोनच दाबत राहिलो."

शुभांगीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं दोन्ही एकाच बाहीनं पुसलं.

"मला पुण्याला बोलावलंय."

"मला आत्ता कळलं. अंगणातलं ऐकलं." त्यानं फोन परत खिशात टाकला. "अण्णा म्हणाले तेच खरं, अडवू नये. पण तुम्ही मला विचारलं असतंत…"

"आता विचारतेय."

"मग नका जाऊ," तो म्हणाला. "आणि गेलात तरी मी तिकडच्या फूलबाजारात येत जाईन. आठवड्याला. नाशिकचे दर चांगले असले तरी."

बाहेर फोन वाजला. बोलता बोलता तिनं सवयीनं आपल्या फोनवर काम पूर्ण झाल्याची नोंद केली होती.

"म्याडम, ओटीपी आला," अण्णांनी अंगणातून आवाज दिला. "सांगू का? सात…"

महेशनं शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीनं हातातल्या शेवंतीकडे पाहिलं. तक्रार चालू असली, की ती ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला दुसऱ्या गावी पाठवत नाहीत.

"अण्णा," ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "ओटीपी सांगू नका."

"का? मशीन नीट नाय झालं?"

"नाही," शुभांगी म्हणाली. "पुन्हा पुन्हा यावं लागेल."

अंगणात बाज करकरली. मग चंद्रभागाबाईंचा आवाज आला, हळू, पण ऐकू येईल इतका. "अहो, द्या तो फोन हिकडं. आणि आत जाऊ नका… मी चहा ठेवते."