पाना माझ्याजवळच होता

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगते. गोष्ट भर दुपारची आहे, तरी मला ती दिव्याशिवाय सांगवत नाही.

आमच्या जुन्या गाडीचं इंजिन गेलं होतं. ह्यांनी भंगारवाल्याकडून दुसरं इंजिन आणलं आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच बसवलं. लेक नवव्या महिन्यात बाळंतपणाला आमच्याकडे आलेली, दवाखाना दोन तासांच्या वाटेवर, आसपास दुसरं वाहन नाही. गाडी चालू होणं भागच होतं. पण नवं इंजिन एकसारखं खडखडायचं.

"कॅमशाफ्ट झिजलाय," हे म्हणाले. इंजिनाच्या माथ्यावर एक लांब दांडा असतो, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की त्यांच्यामुळे आतल्या झडपा उघडतात, मिटतात. तो बदलायचा आणि साखळीवरच्या खुणा जुळवायच्या, एवढंच काम होतं.

वरचं झाकण काढलं तर आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं सापडलं, 'हळू फिरव'.

"बघ, बायकोला सूचना देणारा मी एकटाच नाही," हे हसले.

"ती बिचारी ऐकत नसेल, म्हणून लिहून ठेवलं असेल," मी म्हटलं. सकाळची वेळ होती, म्हणून बोलता आलं. लेक सुखरूप सुटेपर्यंत रोज दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळचा दिवा लावेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं मी व्रत धरलं होतं.

काम दोघांचं होतं. हे वर वाकून साखळी धरायचे. मी पुढच्या चाकाशी खाली बसून पान्यानं इंजिन फिरवायचे. तिथून आम्हाला एकमेकांचं तोंडही दिसत नसे. माझं मौन म्हणून आम्ही पान्याचे ठोके ठरवले होते. दोन ठोके म्हणजे फिरवतेय, हात काढा. एक ठोका म्हणजे फिरवून झालं.

व्रताच्या अडतिसाव्या दुपारी लेकीनं पाणी मागितलं. हे साखळीच्या खुणेत डोकं घालून होते. सांगता तर येत नव्हतं, वाटलं पटकन जाऊन येईन. उठले आणि घरात गेले.

लेकीला पाणी दिलं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी आले, तेवढ्यात शेडमधून ह्यांचा आवाज आला.

"थोडं..."

कर्र. साखळी सरकल्याचा आवाज.

"अजून थोडं..."

कर्र. मग एक ठोका. टक.

मला आधी काहीच वाटलं नाही. रोजचेच आवाज ते. मग कमरेला काहीतरी थंड टोचलं. पदर बाजूला केला. पाना मी कमरेला खोचून आत घेऊन आले होते.

शेडमध्ये दुसरा पाना नव्हता... दुसरं माणूसही नव्हतं.

"थांब आता," हे म्हणत होते. "माझं बोट आहे आत. थांब गं..."

टक टक.

फिरवतेय, हात काढा. पण हे खुणेत गुंग होते, त्यांना कळलंच नाही. मला मात्र साखळीच्या दातेरी चाकात अडकलेली त्यांची बोटं डोळ्यांपुढे दिसली, ओट्यापाशी उभ्या उभ्या. अडतीस दिवसांचं मौन मोडून मी ओरडले.

"अहो, हात काढा!"

कर्र्र्र. साखळी अर्धा फेरा गेली. मी धावत पोचले तेव्हा हे बोट मुठीत धरून उभे होते. नख उखडलं होतं, बोट वाचलं होतं.

"तू बोललीस?" त्यांनी विचारलं. मग घराच्या दाराकडे पाहिलं. "आणि... तिकडून?"

मी पाना पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, मग खाली पाहिलं. पुढच्या चाकापाशी माझं बसायचं पोतं होतं, मधोमध दबलेलं. त्याला गरम तेलाचा वास येत होता. इंजिन तर आठवडाभरात तापलं नव्हतं.

साखळीवरच्या दोन्ही खुणा अगदी समोरासमोर आल्या होत्या.

"फेकून देऊ या?" मी विचारलं.

"आणि पोरीला कशातून नेऊ?"

त्यांनी मुकाट्यानं झाकण बसवलं. इंजिन सुरू केलं, तर खडखड थांबली होती. मी दुसऱ्या दिवसापासून व्रत पुन्हा पहिल्यापासून धरलं. देव काही वहीत मांडून ठेवत नाही, असं मनाला समजावलं. तरी शेडवरून जाताना पाय भराभर पडायचे.

पाचव्या दिवशी सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, मी उशाशी बसले. हे घाईघाईनं पुढे बसले आणि खिसे चाचपू लागले.

"आई, लवकर..." लेक कण्हली.

तेवढ्यात बॉनेटच्या आतून आलं. टक टक.

ह्यांनी दोन्ही हात झटकन छातीशी घेतले. आणि इंजिन सुरू झालं.

खिशातून काढलेली किल्ली अजून त्यांच्या मुठीतच होती.

आरशात आमची नजरानजर झाली. लेकीचा हात माझ्या हातात घामानं निसटत होता. मी डोळे मिटले, पुढे वाकले आणि जे आत कोणी होतं त्याला, लेकरू निजवताना बोलावं तसं, म्हटलं, "हळू फिरव हं..."

इंजिनाचा आवाज खाली आला, एका लयीत लागला.

मग आतून एकच ठोका आला. ह्यांनी छातीशी धरलेले हात सोडले आणि स्टिअरिंग धरलं.