ल्यूमाच्या घरचा चहा

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," चुलीतलं लाकूड पुढं सारत बाह केर्लांग, म्हणजे केर्लांगदादा, म्हणाला. पाइनुर्सलाच्या चढणीवर सुमो चालवता चालवता त्याचे केस पांढरे झाले होते. वीज गेली की आसपासची पोरंपोरी त्याच्या चुलीभोवती जमायची. "ती बान्री माझ्याच गाडीनं शिलाँगला कॉलेजला जाते. तिच्याच तोंडून ऐकलंय. पटलं नाही तर तिलाच विचारा."

मागच्या नोव्हेंबरातला बुधवार. अमावास्येची रात्र.

जेवणं आटोपल्यावर बान्रीच्या मामानं तिच्या हाती तांदळाची पिशवी दिली. गावाच्या टोकाला, सुपारीच्या बागेपलीकडं राहणारी म्हातारी काँग फिल्दा, म्हणजे फिल्दाताई, त्या दुपारी वारली होती.

"पिशवी फाटकाशी ठेव, हाक मार आणि परत ये. आत जाऊ नकोस. चहा तर मुळीच नको."

"मामा, तुम्ही चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. मयताच्या घरी रात्रभर बसायला तुम्हीच पुढं हवं."

"बसलो असतो गं. पण त्या घरात बिह आहे."

बिह म्हणजे विष, पण बाटलीत मिळणारं नव्हे. काही घरांत ते इथल्या जमिनीसारखं आईकडून मुलीकडं येतं, त्या घरच्या अन्नात आपोआप उतरतं, आणि खाणाऱ्याचं पोट फुगून तो मरतो, असं गाव मानायचं. ते कुणी पाहिलेलं नव्हतं. तरी काँग फिल्दाच्या हातचं सुपारीचं खांडसुद्धा कुणी कधी घेतलं नाही. उपासनेला ती शेवटच्या बाकावर एकटी बसायची, आणि पुढच्या बाकावरचे लोक अंग चोरून घ्यायचे.

"रविवारी तर सांगत होतात, देवावर भरवसा ठेवा, भिऊ नका म्हणून."

"देवावर भरवसा आहेच," मामा म्हणाला, "पोटावर नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर खुदुखुदु हसला. त्याच्या ओठांवर डुकराची चरबी चकाकत होती. बान्रीला शिसारी आली.

ती निघाली. रस्ताभर दारं बंद होती. बंद दारांआड लोक काँग फिल्दासाठी सुरात प्रार्थना म्हणत होते.

फाटकाशी तिनं पिशवी ठेवली. ल्यूमा, म्हातारीची एकुलती मुलगी, दारात उभी होती. तिनं पिशवीकडं पाहिलं, बान्रीकडं पाहिलं आणि आत वळली. तिची ती पाठ बान्रीला बघवेना. तिनं पिशवी उचलली आणि आत गेली.

आत कंदील, पांढऱ्या चादरीखाली म्हातारी, आणि भिंतीशी धुऊन पालथे घातलेले कप. गावाला पुरतील एवढे.

दोघी शाळेत एका वर्गात होत्या. डबा मात्र कधी एकत्र खाल्ला नव्हता.

"घाबरतेस तर ओट्यावर बस," ल्यूमा म्हणाली.

"कोण घाबरतंय?"

"तुझे हात."

बान्रीनं हात शालीत लपवले.

"उजाडेपर्यंत मंडळीतलं कुणी इथं बसलं नाही," ल्यूमा म्हणाली, "तर तुझा मामा सकाळी म्हणेल, मंडळीनं हिला आपलं मानलं नाही, मंडळीच्या जमिनीत हिला जागा नाही. आजीच्या वेळी असंच झालं. तिला खाली रानात पुरलं. डुकरांनी उकरून काढली."

मग तिनं चहा आणून ठेवला. कोरा, लालभडक. वर तेलकट पापुद्रा धरला होता. बान्रीनं कपाला बोट लावलं नाही. आईच्या तोंडातून पाणी झिरपत होतं, ते ल्यूमा कापसानं टिपत राहिली. खोलीत सुक्या मासळीचा आणि त्या कापसाचा वास भरला होता. पण सगळ्यात जास्त किळस बान्रीला स्वतःची येत होती. मामाला एवढं बोलून आलेली ती, आणि एका कपाला भीत होती.

एकच्या सुमाराला ल्यूमाचा डोळा लागला.

दारावर थाप पडली.

"बान्री."

मामा! बान्रीच्या जिवात जीव आला. ती धावत दाराशी गेली.

"चहा प्यायलीस?"

"नाही."

"शहाणी पोर. चल, घरी जाऊ."

"आत या ना, मामा."

...

"आत नाही येता येत."

आवाज मामाचा. मधला खोकलाही मामाचा. पण तो येत होता खालून. दाराखालच्या फटीतून. जमिनीला तोंड लावून कुणी बोलावं तसा. आणि फटीतून वास. आंबलेल्या भाताचा. ओल्या केसांचा.

"तिला राहू दे... डुकरं आहेतच..."

मग शेजारच्या काँगचा आवाज. मग वर्गशिक्षकांचा. मग सगळ्यांचेच. त्याच फटीतून.

"पिऊ नकोस... फुगशील... ये गं... कडी काढ..."

काहीतरी ओलं उंबरा चाटत होतं. चप्... चप्...

बान्रीचा हात कडीवर होता. ओळखीची माणसं बाहेर. आत प्रेत. तिनं प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"देवा," ती पुटपुटली, "मला भीती वाटते. तरी मी इथंच बसते."

एवढंच.

ती मागं फिरली. बसली. कप उचलला. पापुद्रा ओठाला चिकटला. तिनं गिळलं. गार... कडू... चहा. नुसता चहा. तळापर्यंत.

बाहेर शांत.

मग ओकारी. खोल. लांबलचक. जसं काही आतडं उलटं होतंय. थांबली... थोडी दूर गेली. पुन्हा ओकारी. आणखी दूर. पुन्हा. रस्त्यानं खाली... खाली...

तिनं ल्यूमाचा हात धरला. ल्यूमा जागीच होती.

"ऐकलंस?"

"आजी गेली तेव्हाही आलं होतं," ल्यूमा म्हणाली. "तेव्हा बसलेले सगळे दार उघडून निघून गेले."

उजाडल्यावर दोघी शवपेटी उचलायला माणसं बोलवायला निघाल्या. पहिल्याच दारापुढं ओकारी पडलेली. दुसऱ्याही. प्रत्येक बंद दारापुढं, बरोबर उंबऱ्याच्या मधोमध. सगळ्यात मोठा ढीग मामाच्या दारात. मामा आत बादली घेऊन उभा. ओलांडायची छाती होत नव्हती.

"कुत्र्यांनी केलंय," तो म्हणाला.

"रात्री कुठं होतात?"

"झोपलो होतो. मामीला विचार."

"मी तिथंच बसले होते, मामा. रात्रभर. चहाही प्यायले. आता माणसं हवीत, आणि मंडळीच्या जमिनीत खड्डा."

मामानं उंबऱ्याकडं पाहिलं. तिच्याकडं पाहिलं. त्यानं बादली ठेवली, नाकाला रुमाल लावला आणि लांब टांग टाकून बाहेर आला. मागोमाग बाकीचे आले. मान वर करून कुणी कुणाकडं पाहिलं नाही. काँग फिल्दा मंडळीच्या जमिनीत गेली.

बाह केर्लांग थांबला. चुलीत ठिणगी उडाली.

"कुत्रीच असतील हो, बाह," एक पोर म्हणाली. पण आवाज बारीक.

त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"माझी गाडी त्या गावावरून गेली तेव्हा उन्हं चढली होती," तो म्हणाला. "ते सगळं तसंच होतं. गावभर डुकरं मोकळी, कुत्री मोकळी. एकानं हुंगलं नव्हतं. आणि दारोदारच्या त्या एवढ्या घाणीवर... एक माशी बसली नव्हती."